बारवेला रंग देऊ नका

फाल्गुन लागला की आमच्या घरी फोन वाजायला लागायचे. होळीआधी एखाददुसरा, होळीनंतर रोज. चैत्रात गावोगाव जत्रा, आणि जत्रेआधी देवळाला रंग द्यायचा हा नेम. बीड जिल्ह्यातल्या ज्या ज्या गावात माझ्या बायकोचं ऐकणारं कुणी होतं, ते माणूस या दिवसांत हळूच फोन करून कळवायचं, "मॅडम, कलर आणलाय बरं का." एवढंच. आवाज असा, की कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी. शैलजा भरल्या ताटावरून उठायची. पिशवीत टॉर्च, टेप, पाण्याची बाटली, डोक्याला बांधायला माझाच पंचा, आणि स्टँडवर मिळेल ती एसटी. फाल्गुन-चैत्रात आमच्या घरी रोज वरणभातच असायचा, कारण मला तेवढंच करता येतं.

यंदा फाल्गुन लागला आणि फोन वाजलाच नाही. श्रावणात ती गेली हे आता सगळीकडे कळलं असणार. तिचा नंबर मी बंद केलेला नाही. का, ते मला विचारू नये. टेबलावर फोन गप्प पडून असायचा आणि मी पेपर वाचता वाचता त्याच्याकडे पाहायचो. इतकी वर्षं ज्या आवाजाचा वैताग केला, तो येत नाही म्हणून वैतागायचं, हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला शोभत नव्हतं. मग एका दुपारी तो वाजला. ते सांगण्याआधी तिच्या कामाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ते काम नेमकं काय होतं हे तिच्या माहेरच्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

ती जुन्या वास्तू जपायची. देवळं, बारवा, गढ्यांच्या भिंती, शिवेवरचे कोरीव दगड. त्यांची मोजमापं घ्यायची, इतिहास शोधायचा, पडझड झाली असेल तर ती मुळात जशी होती तशी चुन्यात बांधून घ्यायची. लग्नाकार्यात तिची ओळख करून दिली, की समोरचा माणूस खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली करून विचारायचा, "गुप्तधन कधी सापडलं का हो?" सुरुवातीला ती हसायची. नंतर नंतर म्हणायची, "सापडलं ना. पुरातत्त्व खात्यात जमा केलं." त्यावर माणसाचा चेहरा असा पडायचा, की घरातलंच कुणी बुडालं असावं.

तिच्याबरोबर कुठे जाणं हा वेगळा त्रास होता. माजलगावला माझ्या मावसबहिणीच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली आणि शैलजा भिंतीजवळ उभी राहून केसातल्या पिनेनं गिलावा खरवडत होती. खरवडलेलं तिनं जिभेवर ठेवलं. "चुना आहे. जुना आहे," ती आनंदानं म्हणाली. स्थळ मोडलं. ते तिच्यामुळेच मोडलं असं नाही, पण बहीण अजून मला तेच ऐकवते.

घरी न्हाणीच्या कोपऱ्यात मातीचे रांजण होते. त्यांत विरवलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवलेला असायचा. चुना जितका मुरतो तितका चांगला, म्हणून ते रांजण हलवायचे नाहीत. मी कितीदा त्यांना अडखळलोय. ती गेल्यावर भाचा म्हणाला, मामा, आता हे फेकून देऊ. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चुन्यावरचं पाणी कमी झालं होतं, म्हणून तांब्याभर घातलं. तेव्हापासून घालतोय. चुना कशाला लागणार आहे ते माहीत नाही.

मागे एकदा या सगळ्या कामाला कंटाळून मी तिला विचारलं होतं, की दुष्काळी जिल्ह्यात काय टिकवत बसली आहेस? ती म्हणाली, दुष्काळानं टिकवलं होतं रे, पाण्यानं घालवलं. तेव्हा मला ते बोलणं पुस्तकी वाटलं. पण ते खरं होतं. धरणाचं पाणी पाटानं आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून पैसा, आणि पैसा आल्याबरोबर माणसांनी आधी देवाची आठवण केली. तेलगावाकडून माजलगावाकडे जाताना ती खिडकीतून नुसतं देऊळ बघून सांगायची, की या गावाला पाट कधी पोचला. चुनाकळी दिलेलं देऊळ म्हणजे अजून कोरडवाहू. ऑइल पेंट म्हणजे विहिरीला पाणी लागलेलं. आतून बाहेरून न्हाणीघरासारख्या टाइल्स म्हणजे कारखान्याला ऊस जातो. ग्रॅनाइट आणि स्टीलचं रेलिंग म्हणजे गावात पुढारी आहे. "समृद्धी आली," ती म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची.

संशोधनाचीही तीच गत. इतिहास सगळ्यांना हवा, पण तयार हवा. मोठ्या घरातली माणसं गाडी घेऊन आमच्या दारात यायची. आमचा मूळ पुरुष कुठल्या तरी राजाचा सरदार होता, तेवढं लिहून द्या. ती विचारायची, काही आहे का? कागद, ताम्रपट, दगड? दगड असायचा. वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्याच्या नावानं उभा केलेला दगड. मराठवाड्यात तो पावलोपावली सापडतो. खाली लढाई, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पूजा करत बसलेला तो, आणि माथ्याला चंद्रसूर्य. नाव कुठेच नाही. ती सांगायची, या दगडावर एवढंच लिहिलंय, की गुरं होती, ती न्यायला माणसं आली, हा आडवा झाला आणि मेला. त्यावर पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. गुरांसाठी मेलेला माणूस पूर्वज म्हणून कुणालाच नको होता.

एका गावाला मात्र हवा होता. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते हा लेख फ्रेम करून देवळात लावतील. तेलगावच्या अलीकडे आत वळलं, की उसाच्या मधे एक उंचवटा येतो. त्यावर पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी दगडी विहीर, म्हणजे बारव, आणि काठाशी ओळीनं वीरगळ. त्यांतल्या एकावर खाली नीट कोरलेली गुरं आहेत. गावातली धनगर घरं त्याला आपला म्हणतात. त्यांची म्हातारी कोंडाबाई दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावते. बाकीच्या दगडांना जत्रेआधी ग्रामपंचायत ऑइल पेंट द्यायची. इतके थर बसले होते, की घोडा आणि माणूस वेगळे ओळखू येत नव्हते.

तिनं ती बारव दुरुस्त केली, ते वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. बारवेची एक बाजू पावसाळ्यात ढासळली होती. सरकारी मंजुरी दिवाळीआधी मागितलेली, ती माघ सरता सरता आली, आणि वर शेरा, की काम मार्चअखेर संपवावे. चुन्याचं काम हिवाळ्यातलं. उन्हाळ्यात चुना वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो. त्यावर ओली गोणपाटं टाकून दिवसभर पाणी मारत बसावं लागतं. हे तिनं लेखी कळवलं. उत्तर आलं, की मग काम करू नका, निधी परत जाईल. ती आठवडाभर माझ्याशी चिडून बोलत होती, जणू ते उत्तर मीच लिहिलं होतं. मग उठली आणि त्या गावात जाऊन राहिली.

गावात तेव्हा टँकर चालू होता. पाट कोरडा होता, ऊस वाळत होता, आणि बायका हंडे ओळीत लावून सावलीला बसलेल्या. बारवेच्या तळाशी थोडं हिरवं पाणी होतं. माणसांच्या कामाचं नव्हे, पण मेंढरं त्यावर जगत होती. त्याच पाण्यातून शैलजानं भिंतीला पाणी मारायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कोंडाबाई काठी घेऊन पायरीवर येऊन बसली.

"बाई, मेंढरानं प्यावं का भिंतीनं?"

"दोघांनी, मावशी."

"भिंत काय तुमची लेकरू हाय, दर घंट्याला पाजाया?"

"लेकरूच आहे. आता तहानली तर पुढं उभी राहणार नाही."

"आन मेंढरू तहानलं तर?"

शेवटी ठरलं, की सकाळी आधी मेंढरं, ती पिऊन गेली की भिंत. शैलजा हे मला फोनवर सांगत होती तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. त्याच फोनवर तिनं शेंदराचंही सांगितलं. वीरगळांवरचे रंगाचे थर काढायला गाव तयार झालं होतं, पण गुरांच्या दगडाला हात लावू देत नव्हतं. कोंडाबाईचं म्हणणं सरळ होतं. शेंदूर नाही त्या धोंड्याला मागं कुणी नाही. आमचा माणूस आहे, त्याला उघडा ठेवणार नाही. शैलजानं तो दगड सोडला. तिच्या लेखी हा पराभव होता आणि तिनं तो वर्षानुवर्षं व्याख्यानांत सांगितला, तेही हसून.

चैत्र लागला आणि तिला ऊन लागलं. निरोप आला म्हणून मी तिला आणायला गेलो. ती सरपंचांच्या ओसरीवर कांदा कपाळाला लावून पडली होती आणि ताप असताना मला विचारत होती, "गोणपाटं ओली आहेत का बघ. आधी ते बघ." मी चिडलो होतो. भर उन्हात एका भिंतीसाठी बायको मरणार आणि मी तिची गोणपाटं बघायला चाललोय. उंचवट्यावर गेलो तर बारवेत कुणीतरी बोलत होतं. कोंडाबाई डालड्याच्या डब्यानं गोणपाटांवर पाणी मारत होती आणि भिंतीला शिव्या देत होती.

"पी. पी, सटवे. मेंढरं मागं ठिवून पाजायलेय तुला. उभी ऱ्हा नीट."

मला पाहून ती थांबली नाही. "तुमी कोण, सर का? बायकोला न्या घरी. आन भिंतीचं इचारलं तर सांगा, ओली हाय."

ती भिंत अजून उभी आहे. आज कुणी दाखवल्याशिवाय नवी बाजू ओळखू येत नाही. त्या वर्षी काम पुरं झालं तेव्हा गावानं तिला ओटी भरून, हलगी लावून वेशीपर्यंत सोडलं. त्या दिवसाचा तिचा एक फोटो आहे. अंगावर गुलाबी साडी. माझ्या बहिणीनं दिलेली, शैलजाला मुळीच न आवडणारी. दुसरी एकही धुतलेली नव्हती म्हणून नेसलेली.

तर यंदाचा फोन त्या गावाहून होता. दत्ताराव बोलत होते. ते तिथले मोठे बागायतदार; मधली वर्षं सोडली तर सरपंचपद त्यांच्याच घरात आहे.

"सर, गावानं ठराव केलाय. मॅडमच्या नावानं बारवेचं सुशोभीकरण. सगळी बारव आतून बाहेरून कलर, वीरगळांना सोनेरी, वर कमान, आन ग्रॅनाइटमदी मॅडमचा फोटू. जत्रेला उद्घाटन. तुमी यायचं."

मी म्हणालो, "दत्ताराव, बारवेला रंग देऊ नका."

"कावून, सर?"

मी म्हणालो, तिला चाललं नसतं. ते म्हणाले, "ते तर हाय. मॅडम न्हाईच म्हणायच्या. मोठी माणसं सत्काराला न्हाईच म्हणत असतात. म्हणून काय लोकांनी करू नये का?"

मी फोन ठेवून खुर्चीत बसलो. इतकी वर्षं घसा कोरडा करून तिनं या माणसांना सांगितलं, की रंग देऊ नका, दगड झाकू नका, कोरीव काम बुजवू नका. आणि त्यांनी ते सगळं तिचा विनय म्हणून मनात जपून ठेवलं होतं. प्रेमानं. याला काय करायचं? द्वेषानं कुणी रंगवत असतं तर अर्ज करता आला असता. श्रावणापासून मला भेटायला आलेली माणसं सारखी म्हणत होती, त्या त्यांच्या कामातून जिवंत राहतील. मी मान हलवायचो. आता त्या कामावर पुढच्या आठवड्यात ऑइल पेंट चढणार होता, आणि तो अडवायला जगात मी एकटा होतो. आयुष्यभर ग्रंथालयात बसलेला मी, कुणी पुस्तक परत केलं नाही तर त्याच्यासमोरून मान खाली घालून जाणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तेलगावला दत्तारावांची जीप उभी होती. रस्त्यात ऊसतोड आटपलेली रानं होती, कुठे पाचट पेटवलेलं. सबंध वाटेत मी मनात भाषण जुळवत होतो. दगडाला ओल बाहेर टाकायची असते, ऑइल पेंटनं ती आत कोंडते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. शैलजा हे कुणालाही झोपेतून उठून सांगायची. मी तीस वर्षं ऐकलं, पण पेपर वाचता वाचता ऐकलं. पुढची वाक्यं मला येत नव्हती.

बारवेच्या काठावर फ्लेक्स लागला होता. त्यावर गुलाबी साडीतली शैलजा, तिच्यापेक्षा दुप्पट मोठे दत्ताराव, आणि खाली ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आल्यासारखे बरेच चेहरे. फ्लेक्सखाली रंगाचा भला मोठा डबा. माणसं जमली होती. कोंडाबाई आपल्या दगडाला टेकून बसली होती. आता तिला नीट दिसत नाही.

"गुलाबीच घेतलाय, सर," दत्ताराव म्हणाले. "मॅडमचा आवडता."

मी भाषण केलं. ओल, पापुद्रे, कोंडणं, सगळं उलटसुलट सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मला दुःख झालंय हे त्यांना माहीत होतं, आणि दुःख झालेल्या माणसाचं बोलणं जसं ऐकून घेतात तसं ते ऐकत होते. माझं संपल्यावर एकजण म्हणाला, "सरांना पाणी द्या बे."

"सर," दत्ताराव म्हणाले, "कलर उतरला तर परत देऊ. दर साली देऊ. गाव मॅडमला कमी पडू देणार न्हाई."

मला हसू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. मी तिथल्या पायरीवर बसलो. मग कोंडाबाई बोलली. तिनं आवाज चढवला नाही.

"बाईनं या भिंतीसाठी जीव टाकला. म्या बघितलं. तिचं काय हाय या गावात? तुमाला लेकरू न्हाई, सर, राग नका धरू. उद्या आमी गेलो. कोण म्हणंल, अशी एक बाई हुती म्हणून? काय तरी रंगवलेलं पायजे माणसाच्या नावाचं. कोरं दगड बेवारशाचं."

हे मला शैलजानं पूर्वी सांगितलं होतं, व्याख्यानात, हसून. तिच्या तोंडून ती एक लोकसमजूत होती. त्या पायरीवर ती माझ्याबद्दल होती. श्रावणापासून माझ्याजवळ तिच्यासाठी करायला काहीच नव्हतं. शिकलेल्या माणसांनी सगळं थोडक्यात उरकलेलं. दिवस केले, शोकसभा झाली, पुस्तकं कॉलेजला दिली, आणि आता घरात मी नुसता स्वच्छ बसून होतो. कोऱ्या दगडासारखा. ज्या वेड्या खटाटोपाला ती जन्मभर अडवत आली, तो निदान कुणाची तरी आठवण हाताला लागू देत होता. मला तिचाही राग आला. इतकं सगळं माहीत असून तिनं मला पुढचं वाक्य शिकवलं नाही.

मी म्हणालो, "मावशी, मग तिच्या नावाचा वेगळा धोंडा उभा करा. नवा. त्याला काय लावायचं ते लावा. या जुन्या दगडांना आणि बारवेला काही लावू नका."

दत्तारावांना पटलेलं नव्हतं. "साधा धोंडा? मॅडमला? मानसं काय म्हणतील? मी ग्रॅनाइट सांगितलाय."

"ग्रॅनाइट शाळेत लावा," मी म्हणालो. "फोटो तिथंच लावा. मुलं बघतील."

"आन उद्घाटन?"

"धोंड्याचं करा. मी येतो."

ते फ्लेक्सकडे पाहत विचार करत होते. उद्घाटन राहत होतं, रंगही राहत होता. "कलर तर लावायचा ना?"

"लावा."

"सगळा?"

"त्या एका धोंड्याला जेवढा बसेल तेवढा लावा."

कोंडाबाईनं आधाराला कुणाला हाक मारली नाही. काठी घेऊन स्वतःच उठली. "धोंडा आमच्या बांधावरचा घ्या. तिथं बसून भाकर खायची बाई."

ट्रॅक्टरमधून धोंडा आला. ओबडधोबड, काळा, माणसाच्या कमरेइतका. तो कुठं उभा करायचा यावरून पुन्हा वाद. दत्तारावांना बारवेच्या तोंडाशी हवा, कोंडाबाईला आपल्या वीरगळाच्या शेजारी. मी म्हणालो, ओळीच्या टोकाला, जुन्या दगडांपासून हातभर सोडून. ते हातभर सोडणं शैलजाचं होतं. ते मला कुठून सुचलं ठाऊक नाही. खड्डा खणून, दगडमाती ठासून धोंडा उभा केला. मग रंगावरून वाद. कोंडाबाई म्हणाली, शेंदूर. दत्ताराव म्हणाले, गुलाबी, आणला कशाला मग? शेवटी समोरून शेंदूर आणि मागून गुलाबी असं ठरलं. दोघंही नाराज होती.

"पयला हात घरच्याचा," कोंडाबाई म्हणाली आणि वाटी माझ्यापुढे धरली. तेलात कालवलेला शेंदूर. मी तीन बोटं बुडवली. धोंडा उन्हानं तापलेला होता. शेंदूर लावताना तो दगडाच्या खडबडीत अंगात शिरत नाही, नुसता वर फिरतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. मी लावत राहिलो. समोरची सगळी बाजू झाली. माझ्या मनगटापर्यंत ओघळ आले. शैलजाचं सगळं आयुष्य हे लावू नका म्हणण्यात गेलं होतं आणि तिचा नवरा दोन्ही हातांनी लावत होता. ती असती तर महिनाभर माझ्याशी बोलली नसती. कुणीतरी नारळ फोडला. कोंडाबाईनं धोंड्याला हात लावून बघितला, किती लागलंय ते.

"झालं," ती म्हणाली. "आता हाय ती."

मागची बाजू गुलाबी झाली तरी डबा पाऊण भरलेलाच होता. दत्ताराव झाकण हातात घेऊन बारवेकडे बघायला लागले. ते बघणं मला ओळखू आलं. शैलजाला त्या बघण्याची धास्ती असायची.

"उरलाच हाय तर, सर, निदान पायऱ्यांच्या कडा. बारीक पट्टा. लोकांना उतरताना दिसतंय."

"नाही."

"बारीक, सर."

"नाही," मी म्हणालो. "डबा मी घेऊन जातो."

"तुमी? काय करणार येवढ्या कलरचं?"

"घर रंगवणार."

लोक माझ्याकडे बघत होते. मी झाकण ठोकून बसवलं आणि डबा उचलला. तो फार जड होता. दत्ताराव धरू लागले तर मी दिला नाही. कोंडाबाई हसली. "बायकोचं वारं लागलंय सराला," ती दुसऱ्या बाईला म्हणाली. जीपमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसलो. वाटेत दत्ताराव दोनदा म्हणाले, की डबा मागं ठेवा, सांडायचा न्हाई. मी ठेवला नाही. पुढच्या फाल्गुनात ते पुन्हा डबा आणतील, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मला पुन्हा यावं लागेल. त्याच्या पुढच्या फाल्गुनातही. हे काम मला येत नाही आणि आवडतही नाही.

तेलगावला एसटी मिळाली. गाडी भरलेली होती, जत्रांचे दिवस. डबा पायांत घेऊन मी दाराजवळच्या सीटवर बसलो, तरी तो अर्धा बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येत होता. धारूरचा घाट लागायच्या आधी कंडक्टर माझ्यापर्यंत पोचला. त्यानं माझे शेंदरी हात पाहिले, शर्टावरचे गुलाबी डाग पाहिले.

"काका, रंगपंचमी तर झाली की. कुणाचा हाय डबा?"

"माझ्या बायकोचा."

"याचं तिकीट लागंल. त्या कुठं हायत?"

"ती गावातच राहिली."

तो मशीनवर तिकीट काढत होता. "एकट्याच?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीची माणसं आहेत तिथं."